जीपीएस सायकल कॉम्प्युटर : आपल्या घाटांसाठी कुठला घ्यावा?

कळंब्याचा_कारकून

मंडळी, सल्ला पाहिजे. आजवर फोन पाऊचमध्ये घालून हँडलला बांधतोय आणि स्ट्राव्हा (राइडची नोंद ठेवणारं ॲप) चालू करून सोडतोय. पावसाळ्यात पाऊच आतून घामेजतो, एप्रिलमध्ये फोन तापून बंद पडतो. गगनबावड्याहून परत येताना कळे गावाच्या आसपास बॅटरी मान टाकते, ती नेमकी घरी फोन करायच्या वेळेला. शेवटी बायकोच म्हणाली, एक यंत्र घ्या आणि फोन खिशात ठेवा. परवानगी ताजी आहे तोवर घ्यायचंय.

माझं चालवणं असं : मधल्या वारी सकाळी पन्हाळा नाहीतर जोतिबा, रविवारी जमलं तर गगनबावडा किंवा राधानगरी. नोव्हेंबरात पहिली 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायचीय. पॉवर मीटर (पायाचा जोर मोजणारा) नाही आणि घेणारही नाही. हार्टरेटचा छातीचा पट्टा आहे. बजेट पंधरा हजार, ताणलं तर वीस.

यादीत ब्रायटन रायडर 420, आयजीपीस्पोर्टचे बीएससी 200 आणि आयजीएस 630, गार्मिन एज 130 प्लस. मन मात्र एज 540 वर बसलंय. वाहू बोल्ट एकाच्या सायकलवर बघितला, तोही आवडला. चाळिशीचा चष्मा आहे आणि तो सायकलवर घालत नाही, हेही धरून चला.

थांबा_पंप_आणतो

540 घे. विषय संपला. एकदाच रडायचं.

माई_सायकलवाली

त्याला रडवू नकोस रे. कारकूनभाऊ, मी 420 वापरते, तेव्हा माझं मत थोडं तिकडं झुकलेलं आहे हे आधीच सांगते.

चष्म्याचा मुद्दा तुम्ही शेवटी लिहिलात, मी तो पहिला घेतला असता. दुकानात हातात धरून सगळेच स्क्रीन छान दिसतात. वाघबीळच्या वर, घाम डोळ्यात जात असताना, आदळणाऱ्या हँडलवरचा आकडा वाचता आला पाहिजे. एका पानावर आठ-आठ चौकटी दाखवता येतात याचं कौतुक कंपनीला, आपल्याला नाही. माझ्या चढाच्या पानावर चारच आहेत : चढाचा टक्का, हार्टरेट, एकूण चढाई आणि घड्याळ. वेग मुद्दाम काढून टाकलाय. चढावर तो बघून कुणाचं भलं झालंय?

बोल्टची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. बाजूच्या बटणांनी पानावरच्या चौकटी कमी-जास्त करता येतात. कमी केल्या की उरलेले आकडे मोठे होतात, तेही चालत्या सायकलवर. आपल्या वयाच्या माणसांचा विचार कुणीतरी केलाय म्हणायचं. पण पानांची मांडणी वाहू फोनवरच्या ॲपमधून करायला लावते. ते ज्याला जमतं त्याला सोपं, ज्याला नाही त्याला मुलाची मनधरणी.

आणि टचस्क्रीनच्या नादी लागू नका. जुलैत करूळ घाटाच्या तोंडाशी उभं राहून ओल्या बोटानं पान सरकवून बघा, मग कळेल. तुमच्या यादीत सगळी बटणवालीच आहेत, ते बरंच आहे.

शिरोलीचा_इंजिनीअर

माईंशी सहमत. थोडं आतलं लिहितो, कारण जाहिरातीत ते येत नाही.

आपल्याकडं सपाटीची राइड म्हणजे सांगली रोड नाहीतर हायवे, बाकी सगळे चढच. तेव्हा युनिटमध्ये बॅरोमीटर आहे का, हा पहिला प्रश्न. जीपीएसवरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा नेहमीच जास्त चुकते. कारण उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. जागा सगळ्या दिशांनी कात्रीत धरता येते, उंची फक्त वरून. बॅरोमीटर हवेचा दाब मोजतो. आपल्या उंचीवर दाब एक हेक्टोपास्कलनं उतरला की तुम्ही साधारण नऊ मीटर चढलात. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आणि पन्हाळा साडेनऊशेच्या पुढं, म्हणजे गावातून गडापर्यंत दाबात चाळीसेक हेक्टोपास्कलचा फरक पडतो. इतका फरक साधा सेन्सरही झक्कास पकडतो. चढाचा टक्का यावरूनच निघतो, म्हणून बॅरोमीटर नसलेल्या युनिटवर टक्का बघणं म्हणजे करमणूक.

पण बॅरोमीटरलाही फसवता येतं. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो-उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, आणि फरक तीनेक हेक्टोपास्कलचा. म्हणजे दहा ते चार सायकल कट्ट्याला लावून झोपलात तरी यंत्राच्या हिशेबानं पंचवीसेक मीटर वर गेलात! काही युनिट मधूनमधून जीपीएसशी ताळा करून हे सावरतात. तरी राइड जिथून सुरू केली तिथंच संपली तर दोन्ही वेळची उंची ताडून बघा, यंत्र किती भरकटतं ते कळतं. पावसात वेगळीच गंमत. बॅरोमीटरचं बारीक भोक पाण्यानं बुजलं की घाटात उंचीची रेघ सरळ आडवी येते आणि पुढं अचानक उडी मारते. युनिट बिघडलं म्हणून घाबरू नका. फुंकर मारायची, थोडं वाळू द्यायचं. टाचणी मात्र घालायची नाही.

तुमच्या यादीतल्या सगळ्यांत बॅरोमीटर आहे. त्यामुळं या मुद्द्यावर कुणी गळत नाही. पण त्याहून स्वस्त घ्यायला गेलात तर हे आधी तपासा.

गुळाची_ढेप

सर, एक शंका. खोक्यावर पाच-पाच उपग्रह प्रणाली लिहितात. त्यात आपला नाविक का नसतो?

शिरोलीचा_इंजिनीअर

चांगलं विचारलंत. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल-5 आणि एस या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर बोलतात. स्वस्त सायकल कॉम्प्युटरमधली चिप फक्त एल-1 ऐकते, तिला ते ऐकूच येत नाहीत. इस्रोनं 29 मे 2023 ला सोडलेला एनव्हीएस-01 हा नाविकचा एल-1 वरही बोलणारा पहिला उपग्रह. चिपा हळूहळू येतील.

बाकी पाचाच्या आकड्याला फार भुलू नका. अमेरिकेचा जीपीएस, रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बायडू हे चार आपल्याला खरंच उपयोगी. पाचवा सहसा जपानचा क्यूझेडएसएस असतो. तो जपानच्या डोक्यावर राहावा म्हणून सोडलेला आहे, रंकाळ्याच्या नव्हे.

खरा फरक पडतो तो ज्याला मल्टिबँड म्हणतात त्यानं, म्हणजे एल-1 बरोबर एल-5 ही ऐकण्यानं. करूळच्या रस्त्याला एका अंगाला कातळाची भिंत आहे. सिग्नल तिच्यावर आपटून परत येतो आणि युनिटला वाटतं आपण दरीत चाललोय. एल-5 च्या सिग्नलची वीण एल-1 पेक्षा दहापट बारीक, म्हणून सरळ आलेला आणि आपटून आलेला सिग्नल वेगळा काढणं सोपं जातं. एज 540 मध्ये हे आहे, एज 130 प्लसमध्ये नाही. पण स्वतःला विचारा, नकाशावरची रेघ दहा मीटर बाजूला गेली तर तुमचं काय बिघडणार? सेगमेंटसाठी (स्ट्राव्हावर ज्याच्या वेळेची चुरस लागते तो रस्त्याचा तुकडा) मरणाऱ्यांचं बिघडतं.

थांबा_पंप_आणतो

माझं बिघडतं. जोतिबाचा सेगमेंट दरीतनं गेल्यामुळं धरलाच नाही मर्दा. त्या दिवशी पाय असले चालत होते की नादच खुळा.

उसातनं_वाट

पाय चालत होते की मागं टेंपो धरला होता?

पुण्याचा_पाहुणा

माझं मत वेगळं आहे. नकाशा नसलेलं युनिट 2025 नंतर घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. 420 आणि बीएससी 200 मध्ये आखलेल्या रूटची फक्त रेघ दिसते, आजूबाजूचे रस्ते दिसत नाहीत. वळण चुकलं की रेघेपासून लांब गेलात एवढंच कळतं, परत कसं यायचं ते कळत नाही. रीरूटिंग असलेलं युनिट घ्या, नाहीतर वाट बघा आणि पैसे साठवा.

उसातनं_वाट

पाहुणं, गगनबावड्याला जायला बालिंग्याचा पूल ओलांडला की हँडल सरळ धरायचं. कळे, साळवण, असळज, गगनबावडा. वळण चुकायला वळण तर पाहिजे की! पन्हाळ्याला तर कमानीच सांगत्यात. नकाशा पुण्यात लागतो, तिथं रस्ता रोज बदलतोय.

पुण्याचा_पाहुणा

हा हा, मान्य. पण त्यांनी बीआरएम लिहिलंय. रात्री अनोळखी गावातल्या चौकात चार रस्ते फुटतात आणि विचारायला माणूस नसतो. तेव्हा रेघ पुरत नाही.

जोतिबाचढ

पाहुण्यांची थट्टा झाली तरी मुद्दा खोटा नाही. फक्त तो 200 ला कमी आणि 400 ला जास्त लागू होतो. 200 ला साडेतेरा तास असतात. पहाटे सुटलात तर अंधार शेवटी थोडा. 300 ला 20 तास, 400 ला 27, 600 ला 40. तिथं रात्र टळत नाही.

याच आकड्यांवर बॅटरी तोलून बघा. एज 130 प्लसला कंपनी 12 तास सांगते. म्हणजे 200 च्या मुदतीपेक्षा दीड तास कमी! वेगात संपवणाऱ्याला पुरेल, पहिल्यांदा करणाऱ्याला नाही. स्क्रीनही पावणेदोन इंचाचा, तुमच्या चष्म्याला तो नकोच. यादीतून काढा. बोल्टच्या दुसऱ्या आवृत्तीला 15 तास. 200 ला जेमतेम, पुढं पॉवर बँक. 540 ला 26, 420 ला 35, 630 लाही 35. हे कंपनीचे आकडे. रूट चालू, पट्टा जोडलेला, रात्री बॅकलाइट, आणि वापरून मुरलेली बॅटरी, असं सगळं धरून मी नेहमी एक तृतीयांश वजा करतो. तरी 35 वाले 300 आरामात काढतात.

चालत्या राइडमध्ये चार्ज करता येतं म्हणाल, तर येतं. पण पावसात खालचं रबरी झाकण उघडलं की पाण्यापासूनच्या संरक्षणाचा विषय संपला. आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही झाकण नीट बसलेलं असताना.

आता 540 बद्दल. लोक त्याच्यावर जीव टाकतात ते क्लाइंबप्रोमुळं. चढ सुरू झाला की तो चढ रंगीत पट्ट्यांत समोर येतो. माथा किती लांब, अजून किती मीटर चढायचं, पुढचा तुकडा किती टक्क्यांचा, सगळं. 2023 ला 540 आणि 840 आले तेव्हापासून यात आधी रूट टाकावा लागत नाही, रस्त्याला लागलात की तो स्वतः ओळखतो. जुन्या 530 मध्ये रूट टाकला तरच दिसतं. 630 मध्येही चढ दाखवायची सोय आहे, रूट टाकून घ्यायचा. तुम्ही जाता ते चार-पाच घाट. त्यांचे रूट एकदा करून ठेवले की झालं. नवीन घाट दर आठवड्याला उगवत नाही.

माई_सायकलवाली

आणि शेवटचं वळण किती लांब आहे हे माहीत नसण्यातही एक सुख असतं हो. पुढं बारा टक्के आहेत असं आधीच लाल रंगात दाखवून ते यंत्र पाय गाळून टाकतं.

उसातनं_वाट

माझं दोन शब्द. मी रात्रीचा आणि पहाटेचा चालवणारा. हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, वर ऊस दोन्ही बाजूला हातभर बाहेर. एक बातमी वाचली की गार्मिनच्या 1050 मध्ये स्पीकर हाय आणि घंटी पण वाजती. वाजू दे की! ट्रॅक्टरवाल्याच्या टेपचा आवाज कागलपासनं निपाणीपर्यंत जातोय, त्याला ह्या डबीची टुंग काय ऐकू जाणार?

त्यापेक्षा सायकलच्या मागं लावायचा रडार घ्या. मागनं येणारी गाडी 140 मीटरवरनं दाखवतोय. हेडसेट घालून चालवणाऱ्यानं तर घ्याच, नायतर हेडसेट तरी काढा.

शिरोलीचा_इंजिनीअर

रडारवर एक पुरवणी. तो एएनटी प्लस या बिनतारी जोडणीवर चालतो, म्हणून गार्मिनचा रडार बऱ्याच दुसऱ्या कंपन्यांच्या युनिटवरही दिसतो. घेण्याआधी आपल्या मॉडेलचं नाव यादीत बघा. पण तो मागून जवळ येणारं वाहन दाखवतो. पुढं बंद पडून उभी असलेली ट्रॉली त्याला दिसत नाही. तिच्यासाठी पुढचा दिवाच लागतो.

तसंच पडल्यावर घरी मेसेज जातो ही सोय. मेसेज युनिट पाठवत नाही, तुमचा फोन पाठवतो. दाजीपूरच्या जंगलात किंवा करूळच्या मधल्या वळणांवर फोनला रेंज नसेल तर ते यंत्र बिचारं हाक मारत बसतं. घरच्यांना हे आधी समजावून ठेवा, म्हणजे घरच्या फोनवर तुमचा ठिपका हलत नाही म्हणून रडारड होणार नाही.

थांबा_पंप_आणतो

सगळं बरोबर, पण गार्मिन ते गार्मिन. ॲप बघा त्यांचं.

जोतिबाचढ

ॲप छान आहे, वादच नाही. पण जुलै 2020 आठवतं का? सायबर हल्ल्यानं गार्मिन कनेक्ट कित्येक दिवस बंद होतं. लोक युनिट घेऊन बसले होते, राइड वर चढत नव्हती. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी केबल लावली, आतली फिट फाइल (राइडची मूळ नोंद) काढली आणि सरळ स्ट्राव्हावर टाकली. म्हणून कुठलंही युनिट घ्या, केबलनं फाइल हातानं काढता येते का एवढं विचारा. ॲप आज आहे, उद्या नाही. फाइल आपली.

आणि परदेशातून मागवू नका. कस्टम्सचा भुर्दंड एकवेळ सोसला, पण वॉरंटीसाठी कुरिअर करताना माणूस रडतो. माझ्या ओळखीतल्या एकाचं युनिट (नाव घेत नाही) असंच परत पाठवायच्या फेऱ्यात अडकलं ते अडकलंच.

कळंब्याचा_कारकून

सगळ्यांचे आभार. 130 प्लस यादीतून काढला. माई आणि जोतिबाचढ यांना एक विनंती : या रविवारी गगनबावड्याला येताय का? 420 आणि 630 दोन्ही माझ्या हँडलला लावून बघू द्या. परतीचा नाश्ता माझ्याकडून.

माई_सायकलवाली

मिसळ असेल तर येते. कट वाढीव पाहिजे.

कळंब्याचा_कारकून

जाऊन आलो. जसं दिसलं तसं लिहितो.

दोन्ही यंत्रं शेजारी-शेजारी लावली आणि फोन खिशात चालू ठेवला. एकूण चढाईत दोन यंत्रांत किरकोळ फरक आला. फोनच्या नोंदीनं दोघांपेक्षा बराच जास्त आकडा दाखवला. असळजच्या पुढं धुकं आणि भुरभुर होती, दोन्हीची बटणं हातमोज्यातून दाबता आली. चढाचा टक्का दोन्हीकडं थोडा मागून येतो. पाय आधी सांगतात, स्क्रीन मग.

चष्म्याशिवाय 420 चे आकडे मला जास्त चांगले दिसले. काळ्या-पांढऱ्या स्क्रीनला ऊन पडलं की अक्षर उलट उठून दिसतं. 630 चा स्क्रीन मोठा, पण रंगीत असल्यानं ढगाळ उजेडात बॅकलाइट लावावासा वाटला. मात्र जोतिबाचढनं त्यात रूट टाकून आणला होता. शेवटच्या घाटात चढाची आकृती समोर आली आणि आपण त्या रेघेवर ठिपका होऊन सरकतोय हे बघताना, खरं सांगतो, मला ते फार आवडलं. माईंनी पाय गळतील म्हणून सांगितलं होतं. माझे उलट सरळ झाले, कारण मी नेहमी मधल्या सपाटीवर चढ संपला समजून दम घालवतो. अजून किती राहिलंय ते दिसल्यावर जपून गेलो.

540 बद्दल घरी विषय काढून बघितला. उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही.

तर 630 घेतोय. वीस हजारांच्या थोडं वर जातंय, ते दिवाळीच्या बोनसमधून घालतो. दुकान गावातलंच, बिल घेऊन.

माई_सायकलवाली

अभिनंदन. माझं 420 हरलं तरी मिसळ चांगली होती.

दोन गोष्टी लगेच करा. सोबत येणारा रबरबँडचा माउंट ड्रॉवरमध्ये टाका आणि हँडलच्या पुढं येणारा घट्ट माउंट घ्या. मान कमी वाकते. आणि बारीक दोरी बांधाच. खड्ड्यात आदळून युनिटच्या मागचे कान तुटतात आणि ते उडून शेतात जातं. उभ्या उसात शोधणार कुठं?

जोतिबाचढ

आणि बीआरएमच्या आदल्या रात्री फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचा नाही. कितीही लाल ठिपका दाखवू दे. रूट चार दिवस आधी टाका आणि त्याच्यावर निदान पन्हाळ्यापर्यंत जाऊन या.

गुळाची_ढेप

धागा वाचून मलाही खाज सुटली. राजारामपुरीत एक जण वापरलेला एज 530 देतोय. 2019 चं मॉडेल आहे म्हणतात. घ्यावा का? काय बघू?

शिरोलीचा_इंजिनीअर

भाव बरा असेल तर यंत्र अजून चांगलं आहे. बघायचं ते असं. चार्जिंगचा सॉकेट जुन्या पद्धतीचा मायक्रो यूएसबी आहे, केबल लावून हलवा, चार्जिंग तुटतंय का बघा. झाकणाचं रबर फाटलेलं नको. सगळी बटणं दाबा, खास करून खालचं लॅप आणि स्टार्टचं, घामानं तीच आधी अडकतात. मागचे कान शाबूत पाहिजेत. बॅटरीला नवीन असताना 20 तास सांगायचे, तेव्हा त्याला म्हणा रविवारी एक मोठी राइड करून किती टक्के उरले त्याचा फोटो पाठव. आणि विकणाऱ्याच्या खात्यातून युनिट काढून टाकायला त्याच्याच समोर लावा, पैसे द्यायच्या आधी.